अळणी चूल

माझ्या बहिणीला मिरगी, म्हणजे फेफरं, आहे असं तिच्या सासरी डोणगावात ठरलं, तेव्हा मी देऊळघाटच्या रस्त्यावर खडी फोडत होतो. महाराष्ट्र होऊन पाच-सात वर्षं झाली होती आणि नव्या राज्याचे नवे रस्ते आमच्याच हातोड्याखालून जात होते. निरोप्या म्हणाला, "माणिकरावनं सांगतलं, कलाबाईले घेऊन जा. मिरगीची पोट्टी लपवून देल्ली म्हन्ते तुमी."

मी हातोडा टाकला आणि मोटार धरली.

माणिकराव म्हणजे कलाचे चुलत सासरे. तिच्या नवऱ्याला, किसनला, बाप नव्हता. लग्न माणिकरावांनी जमवलं, म्हणून त्या संसाराची किल्ली आपल्याच कमरेला आहे असं ते धरून चालायचे. किसन भला माणूस, पण काकापुढे त्याची जीभ कुठं जायची कोण जाणे.

अंगणात चार माणसं बसलेली. कला ओसरीवर भिंतीला टेकून. मी तिला ओळखलंच नाही. तोंड सुजून गोल झालेलं, डोळ्यांच्या फटी. दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरलेले, त्यांत पू. कपाळावर दोन काळे डाग.

त्या घरात व्यापाऱ्याचे बिबे फोडायचं काम चालायचं. बिब्बा फोडला की आतून गोडंबी निघते, पांढरी, गोड, बाळंतिणीच्या लाडवात घालायची. पण सालीतलं काळं तेल अंगावर उडालं की बिब्बा उततो, कातडी भाजल्यासारखी सोलते. बायका हाताला राख आणि तेल चोळून बसतात. व्यापाऱ्याच्या घरच्या बाया बिब्ब्याला बोट लावत नाहीत. लाडू मात्र त्यांच्याकडेच वळले जातात.

कलाचे हात उतले, मग चिघळले. काही दिवसांनी तोंडावर सूज आली, तर शेजारणी म्हणाल्या, सासर मानवलं. डोकं फुटायला लागलं, तर शेजारच्या मंजुळाबाईनं दुखणाऱ्या जागी बिब्ब्याचे चटके दिले. आमच्याकडे पाय मुरगळो की पोट दुखो, इलाज बिब्ब्याचाच. ज्यानं दुखणं दिलं त्यालाच वैद्य केला. दुसऱ्या दिवशी कला बिबे फोडता फोडता आडवी झाली, हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल.

"चप्पल हुंगवल्यावर शुद्धीवर आली," माणिकराव म्हणाले. "आता याच्याहून काय पुरावा पायजे?"

"तुमची चप्पल सिव्हिल सर्जन हाय का?" मी विचारलं.

"तोंड सांभाळ बे. तुही बहीण हाय ते. ने घरी. माह्या पुतन्याले म्या दुसरी पाहीन."

मी कलाचं गाठोडं बांधायला उठलो. माझं डोकं असंच, अपमान झाला की पहिले पाय चालतात. अशा वेळी सासू काय करते ते मी चार गावांत पाहिलं होतं. दाराआड उभी राहते आणि सुनेच्या अंगावरचे डाग मोजते.

सिंधूताई दाराआडून बाहेर आल्या. कलाची सासू. उंच, हाडकुळी बाई, हातांवर बिब्ब्याचे जुने काळे व्रण. त्यांनी माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि परत खुंटीला टांगलं.

"हिंमतभाऊ, बसा. डॉक्टरले दाखवल्याबिगर माही सून कुठी जात नाई. भाऊजी, तुमी बी चहा घेऊन घ्या अन् मग घरी जा."

"वहिनी, मिरगीले डॉक्टर काय करन?"

"मिरगी हाय का नाई, थे त सांगन."

दुसऱ्या सकाळी त्यांनी, मी आणि किसननं कलाला मेहकरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेला होता, बोलायला तिखट. त्यानं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला, पारा पाहिला आणि पुन्हा एकदा फुगवला. मग तिचे हात उलटसुलट केले.

"लघवी कशी होते?"

कला खाली पाहत राहिली. सिंधूताई म्हणाल्या, "सांग माय. इथी कोन लाजते?"

"थोडीशी होते. चहावानी लाल."

डॉक्टरनं ती काचेच्या नळीत तापवली. पाण्यासारखी राहायला हवी होती ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढूळ झाली. "ही मिरगी नाही," तो म्हणाला. "हातावरचा पू तुम्हाला दिसतो. त्या पुवाशी शरीर आतून लढतं, आणि त्या लढाईत हिची मूत्रपिंडं सुजलीत. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. गाळणी सुजली की अंगातलं पाणी आणि मीठ बाहेर जात नाही. ते तुंबतं, रक्ताचा दाब चढतो. डोक्याला तो दाब सोसला नाही, म्हणून झटका आला."

"पन दाब त म्हाताऱ्या सावकार लोकायले होते," किसन म्हणाला.

"सावकारांनी त्याची मक्तेदारी घेतलेली नाही. सूज उतरली की दाब उतरेल." त्यानं सुया लिहून दिल्या, काही दिवस खाटेवर ठेवून घेतलं. घरी सोडताना सांगितलं, "पुनवेला दाखवायला आणा. तोपर्यंत काम नाही, बिब्बा तर मुळीच नाही. आणि मीठ बंद. मीठ खाल्लं की पाणी तुंबलं, पाणी तुंबलं की दाब, दाब चढला की पुन्हा झटका. कळलं?"

हे मी माणिकरावांना शब्दन् शब्द सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरले काय, लिवाचंच काम हाय. पुनवेपावतर ठेवा. पुन्हा पडली त म्या सोता गाडीत बसवून देतो."

म्हणजे सगळं मिठावर आलं.

मी चार दिवस तिथंच राहिलो. पहिल्या रात्री सिंधूताईंनी कलासाठी छोट्या गाडग्यात वेगळं वरण लावलं. कलाच्या पुढ्यात ताटली आली. तिनं आमच्या भाकरीकडे पाहिलं, ठेच्याकडे पाहिलं, आपल्या गाडग्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली.

"अळणी नाई जात का माय?" सिंधूताईंनी विचारलं.

"जाईन. पन माह्यं भांडं वायलं काऊन मांडलं, आत्याबाई?"

वायलं, वेगळं भांडं म्हणजे काय हे त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सिंधूताईंनी उभा जन्म दुसऱ्याच्या ओट्याखाली उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं होतं. चहाच्या दुकानात वळचणीला खोचलेल्या फुटक्या कपातून चहा प्यायला होता. धम्म घेतला तो हेच टाकून द्यायला.

त्यांनी कलाचं वरण आमच्या ताटांत ओतलं. आमचं खारट वरण शेजारच्या मंजुळाबाईकडे पाठवलं, ठेचाही गेला. मग मिठाचं मडकं उचललं आणि तेही तिच्याकडे ठेवून आल्या.

"माह्या घरात वायलं भांडं मांडत नसतो. पुनवेपावतर चूल अळणी."

किसननं पहिला घास तोंडात घोळवला. "माय, हे त ओला चुना खाल्ल्यावानी लागून राह्यलं."

"चुन्यानं भिंत उभी राह्यते. खा."

आणि किसन, ज्याची जीभ कधी सापडत नव्हती तो, कलाकडे पाहून म्हणाला, "खाऊन घे. तुले एकटीले अळणी नाई खाऊ देत म्या." त्या दिवसापासून तो मला आवडतो.

गावात हसू झालं. विहिरीवर बायकांनी टोमणे मारले, "सिंधूताई, उपास त सोडले होते ना तुमी? पुन्हा कोन्या देवाचे धरले?"

"देवाचे नाई बाप्पा, सुनेचे. थे पावते त डोळ्यानं दिसते."

बिबे फोडणं त्यांनी बंद केलं. पोत्यातले राहिलेले बिबे व्यापाऱ्याच्या ओट्यावर रिकामे करून म्हणाल्या, "तुमच्या सुनायले फोडू द्या."

मी देऊळघाटला परतलो. खडी फोडताना प्रत्येक मोटारीकडे पाहायचो, निरोप्या उतरतो का म्हणून. उतरला नाही.

पुनवेला मी डोणगावात. मेहकरला डॉक्टरनं पट्टा फुगवला, पारा पाहिला, नळी तापवली. आतली लघवी पाण्यासारखीच राहिली. "आता मीठ द्या. बेतानं," तो म्हणाला. कलाचं तोंड पुन्हा तिचं झालं होतं, लांबट आणि रागीट, माझ्यासारखं.

घरी आलो तर माणिकराव ओसरीवर बसलेले, निकाल ऐकायला. सिंधूताई मंजुळाबाईकडून मडकं घेऊन आल्या. ताटं वाढली. सगळ्यांपुढे अळणी वरण, माणिकरावांपुढेही. त्यांनी घास घेतला आणि थांबले. मीठ मागावं तर काय झालं ते विचारावं लागणार होतं.

"उतरला का दाब?" शेवटी त्यांनी विचारलं.

"उतरला. मिरगी नाई," सिंधूताई म्हणाल्या.

त्यांनी मडक्यात हात घातला. पहिली चिमूट कलाच्या ताटात. मग किसनच्या. मग माझ्या.

माणिकरावांनी ताट पुढे सरकवलं. सिंधूताईंनी मडकं कलाच्या हातात दिलं. "तूच वाढ माय. तुह्यं घर हाय."

कलानं पदर सावरला, फोड सुकलेल्या हातानं चिमूट घेतली आणि चुलत सासऱ्याच्या ताटात सोडली. ते मान खाली घालून जेवले.

पंचाच्या, पुढाऱ्याच्या पाया मी कधी पडलो नाही. त्या दिवशी निघताना सिंधूताईंच्या पडलो. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "हे काय, भाऊ? धम्मात पाया पडाचं नसते."

"मले मालूम हाय," मी म्हणालो, आणि पुन्हा वाकलो.