जांबोटी लाइनीची मोटार

मी मोटार आहे, हे आता सांगावं लागतं. चाकं केव्हाच गेली, इंजीन गेलं, छपराचं कापड उंदरांनी कुरतडलं. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीमागं विटांच्या थरावर मला टेकवून ठेवलंय. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालते. येणारीजाणारी पोरं मला डबा म्हणतात. म्हणोत बापडी.

माझा जन्म अमेरिकेतला. आगबोटीनं मुंबईला उतरले आणि रेल्वेच्या उघड्या डब्यातून बेळगावला आले. पुढं पितळी अक्षरांत माझं नाव होतं, ओव्हरलँड. एका इनामदारांनी मला हौसेनं घेतलं. त्यांच्याकडं मी लग्नाच्या वराती मिरवल्या, गावच्या जत्रा पाहिल्या. मग त्यांना नवी, झाकलेली मोटार हवीशी वाटली आणि मी मारुतीरावांकडं आले. मारुतीरावांची उतारू नेणारी सर्व्हिस होती. बेळगावहून जांबोटी आणि तिथून पुढं कणकुंबी. पाच माणसांसाठी घडवलेल्या मला दहा दहा माणसं, कोंबड्या, भाताची पोती ओढावी लागली. कुरकुर मी केली नाही, कारण चालवायला भरमू होता.

भरमू जांबोटीचाच. सकाळी माझ्यात पाणी भरताना बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "चल बाय माझी." चढाला मला दम लागला की तोही ओठ दाबून धरायचा, जणू तोच ओढतोय.

तेव्हा बेळगावात मोटारी थोड्या. रविवारी संध्याकाळी कॅम्पातल्या पेट्रोलपंपाशी मोटारींचे वेडे जमायचे. डॉक्टर हेरेकर आणि कंग्राळकर वकील तर कधी चुकायचे नाहीत. लांबून मोटार येताना दिसली की कुणी दिव्यांवरून, कुणी बॉनेटच्या घडणीवरून ती कोणती ते ओळखायचं. भरमूची तऱ्हा वेगळी. तो रस्त्याकडं पाठ करून उभा राहायचा.

"डॉक्टरसाब, ही डॉज. आन तिचं एक सिलिंडर मार खातंय."

मोटार जवळ आली की खरंच डॉज निघायची. सगळे टाळ्या वाजवायचे. डॉक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "भरमू, असे कान आख्ख्या जिल्ह्यात नाहीत रे." भरमू खाली मान घालून हसायचा.

त्याचे कान एवढे तीक्ष्ण का झाले, ते मला ठाऊक होतं. माझा उजवा मडगार्ड आधी एका दगडाला घासला, मग पुलाच्या कठड्याला. हॉर्नचा फुगा शोधताना त्याचा हात चाचपडायला लागला. शेवटी एकदा जांबोटीच्या ओढ्यावर मला धुताना त्यानं बायकोला सांगितलं.

"सोने, मला कडंचं दिसंना झालंय."

सोनाबाईच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हंजे?"

"म्होरचं दिसतंय. कडंचं सगळं काळं. बोगद्यातनं बघितल्यागत."

"मग डाक्टरला दावूया की. त्ये हेरेकर डाक्टर तुमच्या वळखीचं न्हवं?"

"त्येस्नी तर अजाबात न्हाय. दावलं की लायसन गेलं. मारुतीराव दुसरा डायवर ठेवत्यात. ह्या हातांस्नी दुसरं काय येतंय गं?"

सोनाबाईनं फडकं पिळून बॉनेटवर टाकलं. मग म्हणाली, "मी येते उद्यापासनं. तुमच्या बगलंला बसते."

दुसऱ्या दिवशी ती शिकेकाईनं भरलेली वेताची बुट्टी घेऊन माझ्या पुढच्या सीटवर बसली. बेळगावच्या बाजारात विकायला जाते, असं सगळ्यांना सांगितलं. मोटार सुटली आणि तिचं तोंडही सुटलं.

"अवो, ती डावीकडची बैलं बघा, किती रोडावलीत! कोन खायला घालतंय का न्हाय? आन ह्यो म्हातारा बघा, मदनंच चाललाय, घरात भांडून आला जनू. आता मोरी येईल, तितं माझ्या मावशीचं पोर पडलतं."

बैल डावीकडं आहेत, म्हातारा मधोमध आहे, ओढ्यावरची मोरी जवळ आली आहे; भरमूला हवं ते सगळं त्या बडबडीत असायचं. मागं बसलेली माणसं हसायची. पोत्यांच्या दाटीत अंग चोरून बसणारा यल्लाप्पा नावाचा एक व्यापारी तर रोज म्हणायचा, "भरमूअण्णा, लई बडबडी बायकू मिळाली रं तुला. कानाला इसावा न्हाय."

"व्हय की," भरमू म्हणायचा. "पर सवय झालीया."

घरी मात्र ती कमी बोलायची. घसा बसलेला असायचा.

असे दोन हिवाळे गेले. बोगदा अरुंद होत होता. रविवारी टाळ्या पडतच होत्या.

मग तो दिवस आला. जांबोटीच्या अलीकडं रस्ता झाडीतून वळतो. सोनाबाईला पडसं होतं, आवाज चिरकत होता. वळणावर तिला खोकल्याची उबळ आली. ती तोंडाला पदर लावून खोकत होती, तेवढ्यात नागुबाई नावाची एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होती. सोनाबाईच्या तोंडून "थांबा!" निघालं, पण उशिरा. माझा दिवा भाऱ्याला लागला आणि नागुबाई चरात पडली.

भरमूनं ब्रेक दाबला. तो उतरला आणि आवाजाच्या रोखानं चाचपडत चरात गेला. नागुबाई विव्हळत होती. हात मोडला होता. "आक्का, जीव हाय न्हवं? आक्का, बोल गं काय तरी," असं म्हणत त्यानं तिच्या तोंडावरचं गवत हातानं बाजूला केलं.

यल्लाप्पा ओरडला, "आरं, एवढी बाई दिसली न्हाय तुला?"

"न्हाय," भरमू म्हणाला. "दिसली न्हाय. मला दिसतच न्हाय. लई दिस झालं."

 यल्लाप्पानं एकदा सोनाबाईकडं पाहिलं आणि मान फिरवली. गावकऱ्यांनी नागुबाईला उचलून नेलं. तिचा हात जुळला, पण वाकडाच राहिला. भरमू त्यानंतर माझ्या स्टिअरिंगला कधी शिवला नाही.

मारुतीरावांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त चावीसाठी हात पुढं केला. भरमूला तो हात दिसला नाही. सोनाबाईनंच त्याच्या मुठीतून चावी सोडवून घेतली आणि मालकांना दिली.

सोनाबाईचं माहेर निपाणी. तिचा भाऊ गुंडू ह्या वखारीत हमाली करायचा. तिनं नवऱ्याला तिथं नेलं आणि ती वखारीत तंबाखू चाळायला लागली. मी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाताखाली आणखी थोडी वर्षं धावले. त्यानं मला कधी वाईट वागवलं नाही, पण चढावर तो शीळ घालायचा. पुढं लढाई लागली, पेट्रोल मिळेना, सर्व्हिस बंद पडली. वखारीच्या शेटजींना विहिरीचं पाणी ओढायला इंजीन हवं होतं. गुंडूनं माझं नाव सुचवलं. म्हणून मी इथं आले. इंजिनानं काही वर्षं पाणी ओढलं. मग तेही झिजलं आणि मी नुसती उरले.

सोनाबाईनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती थबकली. मग आत निघून गेली. पण त्या दिवसापासून दुपारची भाकरी ती माझ्या पायरीवर बसून खाते. तंबाखूच्या धुळीनं तिचा खोकला कायमचा झाला आहे. भरमूला तिनं एकदाच माझ्याजवळ आणलं होतं. त्यानं माझ्या बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "घरी चल गं, सोने." गेल्या श्रावणात तो वारला.

परवा दुपारी वखारीत दोन म्हातारे पाहुणे आले. एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. जुन्या मोटारी शोधत, त्यांचे फोटो काढत हिंडायचा नाद त्यांना लागला होता. ते डॉक्टर हेरेकर आणि कंग्राळकर वकील होते.

"ऑस्टिन असावी," वकील म्हणाले.

"छे! ही घडण अमेरिकन आहे." डॉक्टरांनी काठीनं माझ्या तोंडावरचा गंज खरवडला. नाव कधीच कुणी काढून नेलं होतं, पण त्याचा ठसा होता. "ओव्हरलँड! अहो वकील, बेळगावात ओव्हरलँड होतीच एक. ही मारुतीरावांची जांबोटीची मोटार!"

दोघं पोरांसारखे खूश झाले. गप्पांत इनामदारांची वरात निघाली, पंपावरचे रविवार निघाले. "आणि तो ड्रायव्हर!" डॉक्टर म्हणाले. "पाठमोरा उभा राहून मोटार ओळखायचा. काय नाव त्याचं?"

"भरमू," पायरीवरून सोनाबाई म्हणाली. "मी त्येंची बायकू."

डॉक्टर वळले. "अरे वा! कुठं आहे तो?"

"गेले, साब. डोळं गेलंतं, मग धा-बारा वर्सांनी तेबी गेले."

"डोळे? केव्हा गेले?"

"तुमी टाळ्या वाजवायचा, तवाच जात होतं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं, "आधी समोरचं जायला लागलं, की कडेचं?"

"कडंचं. बोगद्यातनं बघितल्यागत दिसतंय म्हनायचे." सोनाबाईनं भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. "साब, एक इचारू? त्येस्नी तुमच्याकडं आनूया म्हनत हुते मी. पर त्ये नको म्हनले आन मी ऐकलं. बगलंला बसून झाकत ऱ्हायले. आनलं असतं, तर ऱ्हायलं असतं का डोळं?"

डॉक्टरांचा हात माझ्या दारावर होता. त्यांनी तो उचलून काठीवर ठेवला.

"नाही बाई," ते म्हणाले. "तेव्हा आणलं असतं तरी काही झालं नसतं. तू जे केलंस तेच बरं केलंस."

सोनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग आत मुकादमाची हाक आली, तशी ती उठून कामाला गेली. चालताना तिची पाठ थोडी सैल वाटली.

वकिलांनी कॅमेरा सरसावला, पण डॉक्टर फोटोसाठी उभे राहिले नाहीत. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काचबिंदू होता, वकील. वेळेवर आला असता, तर उरलेली नजर टिकली असती. दर रविवारी हाताच्या अंतरावर उभा होता माझ्या."

आता मला भंगारात काढायचं ठरलं आहे. एकदोन दिवसांत घण घेऊन माणसं येतील. त्याचं मला फारसं दुःख नाही. पत्रा आहे, कुठं तरी घमेलं होईल, कुठं कुलूप. माझं नाव विसरलात तरी चालेल. पण कधी निपाणीला आलात आणि वखारीत खोकत तंबाखू चाळणारी सोनाबाई भेटली, तर माझं एक ऐका. ती पुन्हा विचारेल. तिला डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगा.