नवे टायर मागं

शंकरसिंग राठोड यांनी चौतीस वर्षं वणीच्या खाणीतून कोळशाचा ट्रक चालवला आणि एवढ्या वर्षांत एकदाही गाडी रस्त्याखाली उतरू दिली नाही. तांड्यात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, कारण ते स्वतःच ती सांगत. दोन वर्षांपूर्वी शुगरनं डोळ्यांना गाठलं, उजवीकडचं धुरकट दिसायला लागलं, तेव्हा कोणी म्हणायच्या आत त्यांनीच स्टेअरिंग सोडलं. त्यानंतर घरात त्यांना कोणी फारसं काही विचारत नसे. जेवले का, गोळी घेतली का, एवढंच.

म्हणून त्या मंगळवारी सकाळी त्यांची मुलगी रंजिता म्हणाली, "बापू, गाडीचे टायर बदलाचे हायेत. माह्यासंग वणीले चला, तुमीच पाहून द्या," तेव्हा शंकरसिंग अर्धा चहा तसाच ठेवून उठले आणि इस्त्रीचा सदरा घालून आले.

रंजिता झरी जामणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती. जंगलातली सात गावं आणि आसपासचे पोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या, तिच्याकडे. वर्षापूर्वी तिनं एक जुनी, लहानशी गाडी घेतली होती. लसीचा डबा, बाळं तोलायचा काटा, हे सगळं त्याच गाडीतून फिरायचं. अँब्युलन्सला उशीर झाला की कळा सुरू झालेल्या एखाद्या बाईलाही मागच्या सीटवर घालून ती दवाखान्यात न्यायची.

वणीत विमलताईंचं टायरचं दुकान होतं. नवरा आजारी पडल्यापासून दुकान त्याच चालवत. त्यांनी गाडीजवळ उकिडवं बसून चारही चाकांवरून हात फिरवला.

"पुढचे दोन पार गुळगुळीत झाले, बाई. मागचे अजून वरीसभर चालतीन. या गाडीले पुढचेच चाकं ओढतात, पुढचेच वळतात, ब्रेकचा जोरही तिथंच. म्हणून पुढचे आधी झिजतात."

त्यांनी दोन तऱ्हेचे टायर काढून दाखवले. एकाला जाडजाड खाचा होत्या, जंगलातल्या रस्त्यासाठी. रंजिताला तेच आवडले. शंकरसिंगांनी मात्र ते बाजूला सारले. "तुहा रस्ता सारा डांबरी हाय. मातीचा कितीक? गावात शिरतानाचा तेवढा. हे टायर डांबरावर नुसते घरघर करतीन. साधेच घे, मागच्यासारखे." मग साध्या टायरच्या बाजूवर छापलेले, तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्यांनी बोटानं चाचपले, रंजिताकडून वाचून घेतले, आणि एक टायर परत दिला. "हा तीन वर्षं पडून हाय. यंदाचा काढा, ताई."

विमलताईंनी यंदाचा काढला. रंजितानं बापाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर शंकरसिंगांना दोन वर्षांत मिळाली नव्हती.

"तं हे नवे दोन मागं टाकते," विमलताई म्हणाल्या, "अन् मागचे पुढं घेते."

शंकरसिंग हसले. "मागं कायले? आत्ताच तं तुमी म्हणाल्या, गाडी पुढचे चाकं ओढतात. नवे पुढंच पाह्यजेत. ट्रकले आमी जल्मभर नवे पुढं अन् रिमोल्ड केलेले जुने मागं टाकले."

"ट्रकची गोष्ट अलग हाय, काका."

"टायर तं टायरच हाय ना."

विमलताईंनी रंजिताकडे पाहिलं. रंजिता म्हणाली, "बापू म्हणतात तसंच करा." विमलताईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं, मग खांदे उडवले आणि पान्याला हात घातला.

खरं सांगायचं तर, ट्रकची गोष्ट अलग का, हे शंकरसिंगांना माहीत नव्हतं. विचारावं असं एकदा मनात आलंही होतं. पण मुलीसमोर, इस्त्रीच्या सदऱ्यात, ते काही विचारवलं नाही.

मुकुटबनच्या रस्त्याला लागल्यावर गाडी छान पळायला लागली. कार्तिक संपत आला होता, आभाळ स्वच्छ, दोन्ही अंगांनी कापूस फुटलेला. पण त्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, आणि धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारतात. वजनकाट्याजवळच्या वळणावर टँकर नुकताच येऊन गेला होता. कोळशाची भुकटी भिजून डांबरावर काळा चिखल पसरला होता. समोरून ट्रक आला, रंजितानं वळता वळता ब्रेक दाबला. गाडीचं तोंड बरोबर वळलं. मागचा भाग मात्र वळला नाही. तो सरकत सरकत बाहेर गेला, गाडी रस्त्यावर आडवी फिरली, ट्रक भोंगा वाजवत बाजूनं निघून गेला, आणि गाडी कडेच्या मुरमावर उलट्या तोंडानं जाऊन थांबली.

कोणाला काही झालं नाही. गाडीला ओरखडाही नव्हता. रंजिताचे हात मात्र स्टेअरिंगवरून निघत नव्हते.

"मले चालवता येत नाही," ती हळूच म्हणाली. "काहून ब्रेक दाबला मी? आता कोणा पेशंटले मी गाडीत बसवत नाही, बापू. मागं कोणी बाई असती तं?"

गाडी कशी फिरली हे शंकरसिंगांना पुरतं कळलं होतं. पुढच्या चाकांनी रस्ता धरला होता, मागच्यांनी सोडला होता. अर्धे झिजलेले टायर मागं होते, आणि ते त्यांनीच तिथं ठेवायला लावले होते. पोरगी चूक स्वतःवर घेत होती. ते नुसते गप्प राहिले असते, तर हे कोणालाच कधी कळलं नसतं. ती गाडी घरी उभी करून ठेवणार, आणि पोडावरच्या बाया अँब्युलन्सची वाट पाहत बसणार.

"रंजे," ते म्हणाले. "तुही चूक नाही. माही हाय."

"तुमी कायले माह्यासाठी..."

"आयक तं. ताई बरोबर सांगून राह्यली होती. मले या गाडीतलं काही समजत नाही. ट्रकचं समजते, याचं नाही. तू विचारलं, तं नाही म्हणवलं नाही मले. गाडी फिरव, वापस जाऊ."

रंजिता त्यांच्याकडे बघत राहिली. आता ती काय बोलेल याची शंकरसिंगांना ट्रकपेक्षा जास्त धास्ती वाटली. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एक लांब श्वास सोडला.

"म्हणजे मी बरोबर चालवत होती?"

"एकदम बरोबर. थोडी तेज होती, बस."

ती हसली, आणि हसता हसताच रडली. मग गाडी फिरवून हळूहळू वणीला परत घेतली.

विमलताई डबा उघडून जेवत बसल्या होत्या. शंकरसिंग आधी उतरले आणि थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "ताई, गाडी फिरली. तुमी म्हणत होत्या तसे टाकून द्या. अन् काहून ते मलेही सांगा."

विमलताईंनी आधी दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोणाला लागलं तर नाही ना, म्हणून. मग हात धुऊन आल्या. "ट्रकच्या मागं आठ चाकं अन् वर वीस टन माल, काका. तो कुठं सरकते? या गाडीचं इंजिन पुढं, मागं वजनच नाही. पुढचं चाक घसरलं तं गाडी सरळ जाते, ड्रायव्हर पाय काढून सांभाळून घेते. मागचं घसरलं तं सांभाळाले टाईमच भेटत नाही. म्हणून चांगले टायर मागं."

"एवढंच?" शंकरसिंग म्हणाले.

"एवढंच."

शंकरसिंगांना हसू आलं. एवढं साधं, आणि सकाळी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. टायर बदलेपर्यंत ते विमलताईंच्या बाकावर बसून एकेक विचारत राहिले. हवा किती ठेवायची, पुढचे-मागचे किती दिवसांनी अदलाबदल करायचे, स्टेपनी कधी पाहायची. विमलताई पाना फिरवता फिरवता सांगत होत्या. अंगावरून ओझं उतरल्यासारखं शंकरसिंगांना मोकळं वाटत होतं. चौतीस वर्षांत कोणाला काही विचारण्यात एवढं सुख असेल असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

परतताना वजनकाट्याजवळ रस्ता अजून ओलाच होता. रंजितानं आधीच वेग कमी केला, गाडी मुकाट्यानं वळली. पुढं उजाड टेकडीपाशी आल्यावर ती म्हणाली, "बापू, शुक्रवारी पोडावरच्या सोनीले दवाखान्यात न्याचं हाय. दिवस भरले तिचे."

"ने ना," शंकरसिंग म्हणाले. "आरामात ने."

घरी शंकरसिंगांच्या पत्नी लालीबाई दारातच उभ्या होत्या. दोन टायर टाकायला अख्खा दिवस कसा लागला, हे त्यांना कळेना. रंजितानं तोंड उघडायच्या आत शंकरसिंगांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि खाटेवर बसत म्हणाले, "बस इकडं. गाडी रस्त्याखाली गेली होती आज, माह्यापायी. सारं सांगतो. आधी भाकर दे, लय भूक लागली."