लिटरला आठ

डाउवेने या वर्षी क्रूझ कंट्रोल लावायला सुरुवात केली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एकोणीस वर्षं आम्ही मोटारहोम घेऊन हिंडतोय आणि एकोणीस वर्षं त्याने वेग आपोआप धरून ठेवणाऱ्या त्या बटणाला नावं ठेवली. आळशी लोकांची सोय, म्हणायचा. चाळीस वर्षं मालवाहू बोट चालवलेला माणूस तो. इंजिनाशी आपलं आपण बोलावं, मध्ये मध्यस्थ कशाला, असं त्याचं म्हणणं. आणि एप्रिलपासून पाहते तर गाडी हमरस्त्याला लागली रे लागली, की अंगठ्याने बटण दाबून महाराज पाय आवरून बसायचे.

गाडीतली वही माझ्याकडे असते. दर वेळी टाकी काठोकाठ भरायची, किती किलोमीटर झाले आणि किती डिझेल गेलं ते लिहून ठेवायचं. आमच्या फ्रीसलंडातून मोझेल नदीच्या काठी येणाऱ्या प्रत्येक गाडीत अशी वही असते आणि ती बहुतेक बायकोच्या ताब्यात असते. घराकडच्या सपाटीवर आकडा ठीक होता, उलट किंचित वाढलेलाच. डोंगर लागले आणि तो घसरला. दरवर्षी लिटरला नऊ किलोमीटर देणारी गाडी आठवर आली. मी मागच्या वर्षांची पानं चाळून पाहिली. तोच रस्ता, तेच सामान, तीच दोन म्हातारी माणसं. म्हणजे हा गडी चढउतारावरसुद्धा क्रूझ बंद करत नव्हता.

मग मला त्याचा पाय दिसू लागला. संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसला की उजवा पाय चोळायचा. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही." डाउवेला मधुमेह आहे, दहा वर्षं गोळ्या चालू आहेत. त्याच्या वडिलांनाही होता. त्यांच्या पायाची जाणीव बोटांपासून जात गेली आणि दोन वर्षं त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नाही. शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. आता, ब्रेक दाबायला नुसता जोर पुरतो, पण अ‍ॅक्सिलरेटर हलका धरायचा तर तळव्याला कळावं लागतं. ज्याच्या तळव्याला कळत नाही, तो काय करेल? बटण दाबेल. वहीतल्या आठाच्या आकड्यावर बोट ठेवून मी बसून राहिले.

सप्टेंबरात तो पंचाहत्तर पूर्ण करणार, परवान्यासाठी डॉक्टरांपुढे उभा राहणार. गाडी साडेतीन टनांच्या वरची, माझा परवाना तिला चालत नाही. गाडी विकावी लागली असती तर विकली असती, मी काही रडत बसले नसते. पण वडिलांसारखा हाही गप्प राहून पाय घालवणार, ही भीती मला सोडेना. माझी बहीण, यांतिने तिचं नाव, नोव्हेंबरात गेली. तिनेही दुखणं शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. आणखी एक लपवणारं माणूस मला झेपलं नसतं.

माझी अडचण एबेलने सोडवली. दर जूनमध्ये नदीकाठी आमच्या गाडीशेजारी ज्याची गाडी लागते, तो हा एबेल. जन्मभर ट्रक चालवला आणि आता जन्मभराचं उरलेलं बोलून घेतोय. सकाळी कॉफीचा मग घेऊन तो आमच्या दारात आला.

"काय डाउवे, ऐकतोय ते खरं का? म्हातारपणी क्रूझ?"

"डिझेल वाचतं," डाउवे म्हणाला.

"सपाटीवर वाचेल, तिथे आपलाच पाय चुळबुळतो. पण इथे? लेका, त्या यंत्राला चढ दिसत नाही. वेग पडला की दचकून जागं होतं आणि गपागप प्यायला लागतं. माणूस कसा, चढ दिसला की आधीच थोडं रेटून घेतो आणि माथ्यावर सोडून देतो."

"तुझा पाय ट्रक हाकून जड झालाय. तू मला हलक्या पायाचं शिकवू नकोस."

"मग लाव पैज. हरेल त्याने आठवडाभर दुसऱ्याच्या संडासाची टाकी रिकामी करायची."

"सुट्टीत परीक्षा कसली घेतोस," म्हणून डाउवे उठायला लागला. तो असा टाळतोय हे पाहून माझं उरलंसुरलं अवसान गेलं. पण तोंडाने मी म्हणाले, "लावली पैज. आजच्या आज."

डाउवेने माझ्याकडे बघितलं. मी वही उघडून पेन शोधायला लागले.

एबेलने नियम ठरवले, तेही अंगात आल्यासारखे. नदीपासून वर पठारावर आणि फिरून खाली, नव्वद किलोमीटर. पहिली फेरी क्रूझवर, दुसरी पायाने. पंप तोच, गाडी उभी करायची फरशीही तीच, आणि दोन्ही वेळा पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली. तो स्वतः पंपावर घडीची खुर्ची टाकून पंच म्हणून बसला.

पहिल्या फेरीला मी ठरवूनच बसले होते, पायावरची नजर हलवायची नाही. द्राक्षमळ्यांतली वळणं संपली, पठार आलं, पवनचक्क्या आल्या. नंतर एकदम पंपाचं छप्परच दिसलं.

"पोचलो," डाउवे म्हणाला.

"मी झोपले नव्हते. नुसते डोळे मिटले होते."

"हो," तो म्हणाला आणि डिझेल भरायला उतरला.

जेवायला पाव, चीज आणि ताक होतं. मी माझा पाव परत पिशवीत टाकला. जेवण झाल्यावर डाउवे स्टिअरिंगमागे बसला आणि त्याने दोन्ही बूट काढून बाजूला टाकले. नुसत्या मोज्यांवर चालवायला निघाला. बोटीवरही तो असाच उभा असायचा, हे मी इतक्या वर्षांत विसरून गेले होते.

त्या फेरीत मी पापणी लवू दिली नाही. चढ समोर दिसला की त्याची बोटं थोडी खाली जायची, माथा जवळ आला की वेळेआधी सुटायची. वळणापूर्वी पाय अलगद उचलायचा. एकदा ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा ब्रेक कधी लागला ते मला कळलंही नाही, टेबलावरचा कप जागचा हलला नाही. त्या पायाला सगळं कळत होतं. त्याच्या वडिलांचा पाय नव्हता तो. खालच्या वळणापर्यंत माझे डोळे भरून आले होते आणि मी खिडकीबाहेर द्राक्षं बघत असल्यासारखी बसले.

पंपावर एबेलने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. क्रूझवर अकरा लिटर आणि वर थोडं. पायाने बरोबर दहा.

"आठ आणि नऊ," तो म्हणाला. "डाउवे, माझी टाकी आजच भरत आलीय. हातमोजे माझेच वापर."

डाउवे मान डोलावून हसला. हरलेल्या माणसासारखा हसला नाही, तिथेच माझं टाळकं फिरलं. छातीवरचं ओझं उतरलं होतं, म्हणून आता रागाला जागा झाली होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले. "हरणार हे तुला आधीच माहीत होतं. मग एप्रिलपासून हे काय नाटक चाललंय? आणि पाय कशाला चोळतोस रोज?"

"बूट चावतात," तो म्हणाला.

"कुठले बूट?"

"तू नाताळात आणलेले. करंगळीला. छान आहेत बाकी."

"अरे, मग बोलायचं ना माणसाने. मी इकडे तुझ्या बापाचा पाय आठवून मरत होते."

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. एबेलला स्वतःच्या टाकीचं काहीतरी आठवलं आणि तो खुर्ची उचलून गेला. बडबड्या असला तरी वेळ ओळखतो.

"वही दे," डाउवे म्हणाला.

त्याने ती मागून उघडली. शेवटची पानं मी कधी बघत नाही. तिथे पेन्सिलीने, त्याच्या बारीक खलाशी अक्षरात लिहिलं होतं. चौदा एप्रिल, मेप्पेल ते झ्वोले, वीस मिनिटं. मग पस्तीस. मे महिन्यात एकदा पन्नास. चढांचे दिवस, उतारांचे दिवस, सगळे होते. सगळ्यात खाली आजची तारीख: पहिली फेरी, पाऊण तास. त्याखाली त्याने तिथल्या तिथे लिहिलं: दुसरी फेरी, शून्य, माझ्या पायाकडे बघत होती.

"हे काय आहे?"

"तुझी झोप." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "यांतिने गेल्यापासून तू रात्री झोपत नाहीस. भिंतीकडे तोंड करून मोजून मोजून श्वास घेतेस, मला वाटावं झोपलीस म्हणून. मी जागाच असतो. पायाने चालवलं तर मी पाय उचलला की गाडी जराशी पुढे झुकते आणि तू जागी होतेस. कितीही हलका उचलला तरी. क्रूझवर नाही होत. चढावर इंजिन ओरडलं तरी नाही. बोटीवर आपली पोर नाही का, इंजिन चालू तोवर झोपायची?"

"सांगायचंस की मला."

"सांगितलं असतं तर तू झोपली असतीस?"

लपवणाऱ्या माणसांवर मी सात महिने चिडून होते आणि लपवणाऱ्यांत पहिला नंबर माझाच होता. पंपावरच्या त्या डिझेल सांडलेल्या फरशीवर मी त्याचा हात धरून उभी राहिले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, मग आम्ही गाडी पुढे घेतली.

डाउवेने आठवडाभर इमानेइतबारे एबेलची टाकी धुतली. मी गावातून त्याच्यासाठी रुंद पंजाचे बूट आणले, या वेळी त्याला बरोबर नेऊन. रविवारी आम्ही घरी निघालो. चढ सुरू व्हायच्या आधी त्याचा अंगठा बटणावर थांबला.

"लिटरला आठ पडेल," तो म्हणाला.

"पडू दे," मी म्हणाले आणि वही त्याच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली.

त्या दिवशीचा डिझेलचा आकडा कुणी लिहिलाच नाही. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलीने लिहिलेलं आहे: दोन तास पाच मिनिटं.