आंब्याखालची रमादीदी

उल्काला त्या बाईचा हेवा वाटत होता, आणि तो कोणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. तक्रार करायची तरी कशाची? पोरगं सुधारलं म्हणून?

चौबे कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेला तिचा यशदीप पाच वर्षांचा झाला तरी मुंगी दिसली की पलंगावर चढून बसायचा. एसीच्या शाळेत वर्षभर जाऊन त्यानं काय आणलं, तर कायमची सर्दी. शेवटी रणजितनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, जूनमध्ये त्याचं नाव शहराबाहेरच्या एका बालवाडीत घातलं. बालवाडी कसली, आंब्याची बाग ती. ना बाक, ना फळा, पावसापुरतं एक पत्र्याचं शेड. शिकवायला रमादीदी, शेजारच्याच गावातली, अनवाणी फिरणारी छत्तीसगढी बाई.

तीन महिन्यांत पोट्टा झाडावर चढायला लागला. सर्दी पळाली. चिंचोके मांडून बेरीज करू लागला, आणि ज्या लालभाजीला, म्हणजे लाल माठाला, बघून ताट सरकवायचा ती मागून खाऊ लागला. रणजित खूश, सासूबाई खूश, जो तो म्हणे रमादीदीची कमाल आहे. उल्काचा नुसता तिळपापड व्हायचा. पाच वर्षं ती लालभाजी शिजवली कोणी होती हो?

आणखी एक जुनं दुखणं होतं. उल्का अमरावतीची, लग्न होऊन या हिंदी मुलखात आलेली. लेकाशी तिनं कधी मराठीशिवाय शब्द काढला नाही, 'मराठीत बोल' म्हणून रोज त्याच्या मानगुटीवर बसायची. त्याला कळायचं सगळं, पण उत्तर हिंदीत. आता तर 'जेवलास का?' विचारलं की 'हो'च्या जागी 'हव' म्हणायचा, अगदी त्या बाईसारखी मान हलवून. संध्याकाळी ही कुकर लावत असली की मागून प्रश्न यायचा, आई, इसको क्या बोलते? कधी मुंगळा, कधी सरडा, कधी टोळ. ती मान न वळवता नाव सांगून मोकळी व्हायची.

रविवारी यशदीप जिन्यावरून घसरला. गुडघा फुटला, रक्त आलं, आणि भोकाड पसरून त्यानं हाक मारली ती 'दीदी' म्हणून. आई दोन पायऱ्यांवर उभी होती.

सोमवारी उल्कानं अर्धी रजा टाकली. नाव काढायचा अर्ज पर्समध्ये घातला आणि स्कूटर थेट बागेत नेली. येऊन जाऊन एक बाई, आणि आपलं पोर गिळून बसली, असं तिच्या डोक्यात घुमत होतं.

बागेत पोरं एका ओल्या ओंडक्याभोवती उकिडवी बसली होती. मधे रमादीदी. तिथली रोजची रीत अशी, की काही सापडलं की ज्यानं त्यानं घरी त्याला काय म्हणतात ते सांगायचं. कोणी हिंदीत सांगितलं, कोणी छत्तीसगढीत, एका मुलीनं ओडियात. मग यशदीपची पाळी आली. उल्का झाडाआड थांबली.

"गोगलगाय," तो म्हणाला. स्वच्छ, ठसठशीत. "माझी आई सांगते. आईले सगळे नावं येते."

उल्का आधी सुखावली, आणि त्याच्याच मागून तिला संताप आला. पाच वर्षं मी ऐकायला तरसले, आणि हे बोलणं पडलं कोणाच्या कानात, तर हिच्या. पर्समधून अर्ज काढून तिनं तो मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात रमादीदीनं तिला पाहिलं. उठून आली आणि हसत हिंदीत म्हणाली, की तुमचा मुलगा माझं काही चालू देत नाही. नाव अडलं की म्हणतो थांबा, उद्या आईला विचारून येतो. कुकरची ती रोजची संध्याकाळ उल्काच्या डोळ्यांपुढे आली आणि तिची तिलाच लाज वाटली.

यशदीप धावत आला. तळहातावर गोगलगाय, शंखात पार मिटून बसलेली.

"आई, हात दे."

उल्काला असल्या प्राण्यांची किळस. तरी तिनं अर्ज पर्समध्ये कोंबला आणि हात पुढे केला. ते गार, ओलं काहीतरी तळव्यावर बसलं. अंगावर सर्रकन काटा आला, आणि ती घाईघाईनं बोटानं ते हलवून बघायला लागली.

यशदीपनं तिचं बोट धरलं.

"असं नको करू," तो हळूच म्हणाला. "गुपचूप थांब. मंग ते आपल्या मनानं बाहेर येते."

उल्का थांबली.