चार उजवी वळणं

डेनिटानं, म्हणजे माझ्या लेकीनं, तिच्या फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. मधोमध रेघ, डावीकडे शिकागो, उजवीकडे अटलांटा. शिकागोखाली लिहिलं होतं बर्फ, पायऱ्या, घरपट्टी, एकटे. अटलांटाखाली ऊन, सगळं एकाच मजल्यावर, आम्ही. 'आम्ही'खाली दोन रेघा. अशा कागदावर कुठलंही शहर हरेल, बाई.

मी आणि ओझेल तिच्याकडे महिनाभरासाठी आलो होतो. जमलं तर शिकागोचं घर विकायचं आणि इथंच राहायचं, नाही तर परत जायचं. ओझेल माझा नवरा. चौतीस वर्षं शिकागोच्या दक्षिण भागात पोस्टमन होता. मी शाळेच्या स्वयंपाकघरात. तिथल्याच चॅटम वस्तीतल्या विटांच्या घरात आमची एक्केचाळीस वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी त्याचं डोकं हळूहळू साथ सोडायला लागलं. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग एकदा गॅसवर रिकामी किटली. रात्री चार-चारदा उठतो, कोट घालतो, 'उशीर झाला' म्हणतो. मग मीही उठते. दोन वर्षांत मी सलग तीन तास झोपलेली नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला डेनिटा आली होती, तेव्हा मी हातात डाव घेऊन उभ्या उभ्या पेंगले आणि सगळी ग्रेव्ही जमिनीवर. तेव्हापासून पोरीनं एकच धोशा लावला, "ममा, बास झालं आता."

बास झालंच होतं. मी काय दगडाची आहे?

पण तिच्या कागदावर एक गोष्ट नव्हती. शिकागोत ओझेल रोज सकाळी दहाला एकटा फिरायला जायचा आणि साडेअकराला घरी यायचा. घरात बाथरूम कुठं ते विसरायचा, पण बाहेर पडला की चुकायचा नाही. आमचं शहर चौकटीच्या वहीसारखं आखलेलं आहे. सरळ रस्ते, ओळीनं नंबर, पूर्वेला तळं. कुठूनही निघा, उजवीकडे वळा, पुन्हा वळा, अशी चार उजवी वळणं घेतलीत की आपल्याच दारात. पत्ते वाटून वाटून ते त्याच्या पायांतच बसलं होतं. वाटेत न्हावी हाक मारायचा, चर्चच्या पायरीवरच्या बायका त्याची थट्टा करायच्या. परत आला की तासभर माणूस शहाणा असायचा. "ब्याऐंशीव्या रस्त्यावरच्या त्या घरात नवे भाडेकरू आलेत," असलं काहीबाही सांगायचा. तेवढा एक तास मला माझा नवरा मिळायचा.

अटलांटा म्हणजे तरी खरं अटलांटा कुठं! शहरापासून पाऊण तास लांब, लिथोनियाच्या बाजूची नवी वसाहत. रस्ते सांडलेल्या शेवयांसारखे. हिकरी लेन, हिकरी कोर्ट, हिकरी वे, हिकरी ट्रेल. नाव ठेवणाऱ्याला दुसरं झाड माहीत नव्हतं की काय! फुटपाथ नाही, बस नाही, दुधाची बाटली आणायची तरी गाडी काढा. घरं सगळी एकसारखी, माणूस रस्त्यावर दिसेल तर शपथ.

माझा जावई मार्व्हिन इथलाच. सकाळी कॉफी ओतता ओतता, इथल्या रीतीनं सासूलाही 'मिस' म्हणत, मला चिडवायचा. "मिस व्हर्लीन, आज तुमच्या शिकागोत शून्याच्या खाली चार आहे म्हणे. कोण राहतं हो तिथं? अस्वलं?"

"माणसं राहतात," मी म्हणायचे. "तुमच्याकडे बोटभर बर्फ पडला तर गाड्या रस्त्यात टाकून पळता तुम्ही. आमच्याकडे त्याच बर्फात पोरं शाळेत जातात."

"पण इथलं ऊन कसं आहे ते सांगा ना."

"ऊन बरं आहे," मी म्हणायचे. खोटं कशाला बोलू?

आणि झोप! ती तर मी कुणाला सांगितलीच नाही. डेनिटानं ओझेलच्या खोलीत कॅमेरा लावला होता. रात्री तो उठला की ती किंवा मार्व्हिन जायचे, "या डॅडी, झोपा" करून परत पांघरूण घालायचे. मी आपली ढाराढूर. तिसऱ्या आठवड्यात आरशात बघितलं तर डोळ्यांखालचं काळं कमी झालेलं. मला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली, कारण बाहेर ओझेल खिडकीपाशी बसून होता. दहा वाजले की तो दारापाशी जायचा, मी त्याला अंगणात दोन फेऱ्या मारून आणायचे आणि तो पुन्हा खिडकीत. शहाणा होण्याचा तो तास इथं आल्यापासून एकदाही आला नव्हता.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी नाश्त्यानंतर सोफ्यावर जरा टेकले. डेनिटा आणि मार्व्हिन कामावर गेलेले. जाग आली तेव्हा सव्वाबारा वाजले होते, माझ्या अंगावर शाल होती आणि घरात ओझेल नव्हता.

काय सांगू काय झालं मला! हाका मारत रस्त्यावर धावले. हिकरी लेनच्या टोकाला गेले तर रस्ताच संपला. परत फिरले तर आपलं घर कुठलं तेच कळेना. मी तर शुद्धीवरची बाई, आणि माझी ही गत. डेनिटाला फोन केला, तिनं पोलिसांना. दीड वाजता पोलिसाची गाडी दारात आली. मागच्या सीटवर ओझेल, घामानं भिजलेला, पँटच्या गुडघ्याला चिखल.

तो तरुण पोलीस टोपी काढून म्हणाला, "मॅडम, हे पलीकडच्या वसाहतीत तळ्याकाठी बसले होते. पत्ता विचारला तर म्हणाले, 'ब्याऐंशीशे सत्तेचाळीस, साउथ कॅल्युमेट.' असा पत्ता आमच्याकडे नाहीच." तो आमच्या शिकागोच्या घराचा पत्ता.

"चार वळणं घेतली मी," ओझेल मला म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "चारही उजवी घेतली, व्हर्ली. मोजून. आणि घर नव्हतं."

त्याला बेसिनपाशी नेऊन मी त्याचे हातपाय धुतले. तेवढ्यात डेनिटा आली आणि आल्या आल्या सुरू झाली. "दारांना अलार्म बसवू. वरून कडी. डॅडींना एकटं सोडायचंच नाही."

"तो कैदी आहे का?" मी ओरडले. "आम्ही शनिवारी घरी जातोय. फाड तो कागद."

"घरी जाऊन काय करशील? ममा, तू मरशील गं! डॅडी रस्ता विसरणार नाहीत, पण एक दिवस तू उठणारच नाहीस. मग त्यांना कोण बघेल? न्हावी?"

"माझं मी बघेन. शनिवारची तिकिटं काढ."

ती रडत आत गेली. पोरगी खरंच बोलत होती. पण त्याला कायमचं खिडकीत बसवायचं, ते कुठल्या तोंडानं?

उन्हं कलली तेव्हा आम्ही दोघं मागच्या ओट्यावर बसलो होतो. त्या दिवशी तो इतका चालला होता, म्हणून असेल, किंवा देवाच्या मनात आलं असेल, त्याची नजर स्वच्छ झाली. महिन्यात पहिल्यांदाच.

"व्हर्ली," तो म्हणाला, "तुला कुठं आवडतं?"

महिनाभर सगळे विचारत होते, डॅडींना काय सोयीचं, डॅडींना काय झेपेल. हे कुणी विचारलंच नव्हतं.

"शिकागो," मी म्हटलं. "विचारतोस काय! आपलं घर आहे तिथं."

"थापा मारू नकोस." तो हसला, अगदी पूर्वीसारखा. "आज तोंड उघडं टाकून घोरत होतीस. मी शाल घातली तरी हलली नाहीस. बघत बसलो बराच वेळ. किती वर्षांत तुला अशी झोपलेली पाहिली नव्हती गं. म्हटलं, हिला उठवायला नको. म्हणून हळूच दार लावून गेलो."

मी त्याचा हात धरला.

"माझं काय, मी आज आहे, उद्या नाही, इथं," असं म्हणून त्यानं कपाळावर बोट ठेवलं. "तू इथं झोप. शनिवारी जायचं नाही."

मग तो वाकला. लेस सुटेना, तरी मला हात लावू दिला नाही. पोस्टातले काळे बूट, तळ दोनदा बदललेले. काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवले.

"हे लपव," तो म्हणाला. "मला दिसले की मी जाईन. आणि मी मागितले तरी देऊ नकोस."

मी 'नको' म्हणायला हवं होतं. चांगली बायको म्हणाली असती. पण मी इतकी दमले होते हो, इतकी दमले होते, की मी ते बूट घेतले, गॅरेजमध्ये गेले आणि नाताळच्या सामानाच्या खोक्यात तळाशी घालून वर चिकटपट्टी लावली. डेनिटाला सांगितलं, तिकिटं काढू नकोस. तिनं मला मिठी मारली. त्या रात्री मी आठ तास झोपले.

सकाळी दहाला ओझेल मोज्यांवर दारापाशी आला. पलंगाखाली बघून आला, कपाटात बघून आला, मग माझ्यासमोर उभा राहिला.

"माझे बूट कुणी घेतले?"

"तूच दिलेस, ओझेल. काल. मला दिलेस."

"मी?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं एखाद्या चोराकडे बघावं. "मी कशाला देईन? मला फिरायला जायचंय."

मी म्हटलं, "मला माहीत नाही कुठं आहेत." तो दुसऱ्या दिवशीही विचारतो, तिसऱ्याही. रोज दहाला विचारतो, आणि मी रोज तेच सांगते.