छातीवर ठेवायची रबरी पिशवी

मित्रांनो, त्या दिवशी सकाळी गोपालने मला गरम पाण्याने भरलं, बूच घट्ट फिरवलं आणि गादीवर ठेवलं. त्याची बायको धनश्री दारात उभी होती. डोक्यावर साड्यांचं पोटलं, म्हणजे मोठं गाठोडं होतं. साड्यांचे सुटे धागे कापायचं काम ती घरी करायची, आणि झालेलं पोटलं दुसऱ्या मजल्यावर मालकाकडे पोचवायची.

"दे, मी लई जास," गोपाल म्हणाला.

"तू आत्तेच पाळीवरतीन उना. बस. पिशवी गरम ऱ्हाऊ दे, मी येस आन तुनी पाठ शेकस."

ती गेली. मग जिन्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला, बायका ओरडल्या, गोपाल धावला. रिक्षा आली आणि गेली. मी गादीवरच होते. गरम होते, मग कोमट झाले, मग गार. एवढा वेळ मला कोणी भरून विसरलं नव्हतं. दुपारी शेजारच्या शोभाबाई आल्या. त्यांनी पेटीतून धनश्रीची एक कोरी हिरवी साडी काढली. जाताना मला उचललं, माझं पाणी मोरीत ओतलं आणि मोरीच्या कडेला बसून रडल्या. तेव्हा मला कळलं. धनश्री एकोणतीस वर्षांची होती.

मी शेकायची एक जुनी रबरी पिशवी आहे. रंग लाल होता, आता विटकरी झाला आहे. कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगाला रबराचा उग्र वास होता. गोपालने मला लग्नाच्या वर्षी औषधाच्या दुकानातून आणलं, स्वतःच्या पाठीसाठी. तो बमरोलीत कापड विणायच्या लूमवर काम करतो. आमच्या ओळीत अकरा खोल्या आहेत आणि सगळी माणसं खानदेशातून कामासाठी आलेली. त्यांच्यात एक वस्तू एकाच घरी राहत नाही. पिठाची चाळण, शिडी, मी, आम्ही सगळ्या दारोदार फिरायचो.

गंमत अशी की माझं नाव झालं ते छातीच्या दुखण्यासाठी. भाईदास म्हणून एक जवान गडी होता. कापडाचा जड ताका उचलला आणि दुसऱ्या दिवशी छातीची डावी बाजू धरून बसला. बरगडीजवळ बोट दाबलं की कळवळायचा. तीन दिवस मला लावलं, वझं उचललं नाही, बरा झाला. भिकन उपाशीपोटी चार चहा आणि तिखट भजी खायचा, आणि आडवा झाला की छातीत जळायचं. मला लावल्यावर त्याला ढेकर यायची आणि तो म्हणायचा, "पिशवी नही, देव शे!" नूतन बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायची. परीक्षा जवळ आली की तिचा श्वास भरभर व्हायचा, छातीत सुई टोचायची, बोटांना मुंग्या यायच्या. ती मला पोटाशी धरून शांत बसायची आणि ते थांबायचं.

तिघांची दुखणी वेगळी होती, हे मला आज कळतं. तेव्हा तिघांना एकच औषध होतं, आणि ते मी होते. शोभाबाई सगळ्यांना सांगायच्या, "दवाखानामां कशाले मरता? आधी पिशवी लावा." मला खूप अभिमान वाटायचा. खोटं का सांगू?

धनश्रीला दुखायचं ते कधीकधीच. महिना महिना काही नाही. पाण्याची कळशी घेऊन जिना चढली, बसमागे धावली, की छातीवर हात ठेवायची. बसली की जायचं. म्हणून तिला वाटायचं की काही नाही. मी छातीवर असले की तिचे ठोके माझ्या पाण्यात कळायचे. कधी ते घाईघाईने यायचे, कधी एखादा चुकायचा. मला वाटायचं, माणसांचं असंच असतं. भाईदासचे ठोके तसे नव्हते, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय, ते मला कुठून कळणार?

आणि ती कानबाईची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या ओळीत कानबाई, खानदेशातली देवी, बसवली होती. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत धनश्री सगळ्यांत पुढे नाचत होती आणि नाचता नाचता धाडकन खाली पडली. थोड्या वेळाने उठली. बायका तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. कपाळभर हळदकुंकू होतं. एकेक बाई तिच्या पाया पडत होती.

"माय उनी व्हती तुना अंगमां!" शोभाबाई म्हणाल्या.

"माले काहीच याद नही. डोयापुढे अंधार उना आन छाती दाबायनी," धनश्री म्हणाली.

"तेच ते! मायनं वजन साधं ऱ्हास का?"

सगळ्या हसल्या. धनश्रीही हसली. तिला बरंच वाटलं असेल, कारण त्या दिवसापासून ओळीत तिचा मान वाढला. मग तिने मला मागितलं आणि मी नेहमीसारखी तिच्या छातीवर बसले.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं, ते गोपालने शोभाबाईंना सांगताना मी ऐकलं. तिच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हा दोष रक्ताच्या नात्यात चालतो. त्यांनी विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का? तेव्हा गोपालला आठवलं. धनश्रीची आई रुक्मिणी तिशीतच निंदणी करताना शेतात पडली होती. गाव म्हणालं, ऊन लागलं.

डॉक्टर असंही म्हणाले की तरुण माणसाच्या छातीत दुखतं ते बहुतेक वेळा हृदयाचं नसतं. स्नायू असतो, आम्ल असतं, काळजी असते. पण श्रम करताना दुखलं, चक्कर येऊन माणूस पडला, किंवा घरात असं कोणी गेलेलं असलं, तर थांबायचं नाही.

"पिशवीनं काही बिघाडं का?" शोभाबाईंनी विचारलं.

"पिशवीनं काहीच नही बिघाडं. पन आपन पिशवी लाईसन थांबनूत," गोपाल म्हणाला.

"मी तिना पाया पडनू रे. कानबाईना दिनले, दवाखानामां लई जावाना टाईमले, मी तिना पाया पडनू," शोभाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी दोषी आहे की नाही, हे मला अजून कळत नाही. मी तिला खोटा आराम दिला की खरा? तो खरा असेल तर ती का गेली? खोटा असेल तर ती मला धरून झोपायची कशी? रबराला जेवढा विचार करता येतो तेवढा मी केला. उत्तर येत नाही. म्हणून एवढंच सांगते. कोणाच्या छातीत दुखलं तर शेक जरूर द्या, पण ते केव्हा दुखलं हेही विचारा, आणि डॉक्टरला सांगा. पिशवीला काही विचारू नका. तिला फक्त ऊब देता येते.

धनश्रीची मुलगी हर्षदा सहा वर्षांची आहे. गोपालने तिची तपासणी करून आणली. आत्ता काही दिसत नाही, पण दरवर्षी दाखवायचं आहे. राहिला धनश्रीचा धाकटा भाऊ चेतन. तेवीस वर्षांचा, पलसाण्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये काम करतो. मागच्या महिन्यात तो आला. जिना चढून दारात थांबला, आणि हात छातीवर होता.

"दाजी, जरा पिशवी भरी द्या ना."

"कवाधरनं दुखस?"

"तसं काही नही. चढानं की दाबास, बसं की जास."

गोपालने मला फळीवरून काढलं आणि परत फळीवर ठेवलं. "नही भरस. आधी तपासनी. मंगळवारनी तारीख लेस."

"साखरपुडा व्हई जाऊ द्या दाजी. आत्ते छातीना फोटो काढा तर पोरीना बापले कळी जाई. मंग माले कोन पोर दी?"

शोभाबाई दारातूनच कडाडल्या, "लगीनले नवरदेव लागस ना? तो जित्ता लागस!"

चेतन हसला. चहा प्यायला. हर्षदाला खांद्यावर घेऊ लागला तेव्हा गोपालने तिला काढून घेतलं. जाताना चेतन म्हणाला, मंगळवारी नक्की येतो.

मंगळवारी गोपालने पाळी बुडवली. सकाळपासून नवीन शर्ट घालून तो बसला होता. फोन केला तर चेतन म्हणाला, मिलमध्ये सुट्टी मिळाली नाही. गोपालने दुसरी तारीख घेतली. तीही गेली. आता तिसरी घेतली आहे, आणि त्या दिवशी तो स्वतः पलसाण्याला जाऊन चेतनला घेऊन येणार आहे असं म्हणतो. चेतनने हो म्हटलेलं नाही.

साखरपुडा पुढच्या रविवारी आहे. चेतनची तपासणी अजून झालेली नाही.