तेजाबातून सुखरूप

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. चुलीवर पातेलं, पातेल्यात पिवळं ‘महातेजाब’ आणि पळीने ते ढवळणारे धातुमहाराज.

“वालुकाश्म विरघळतोय! दुर्मिळ धातू जागा होतोय! शंका घेऊ नका, तो रुसतो! घरचा दगड आणा, धातू घेऊन जा!”

पळीत करडे तुकडे आले. महाराजांनी एक कानशीवर घासला. ठिणग्या उडाल्या, लोकांनी हात जोडले आणि दक्षिणा आगाऊ दिली.

गावातली घरं वालुकाश्माचीच. जो तो आपलंच घर पोखरू लागला.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई शाळेतून परतल्या, तर धाकटा भाऊ पहारीने भिंत उकरत होता. भिंतीपलीकडे अंथरुणाला खिळलेली आई.

“अरे, याच भिंतीवर तुळई टेकलीय!”

“ताई, आईला महाल बांधू की!”

“तोवर तिने ढिगाऱ्याखाली झोपायचं?”

“तुला सगळ्यातच खोट दिसते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!”

“मग उद्या माझ्यासमोर पुन्हा बघ. तोवर पहार माझ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी चौकात पळी वर येताच बाईंनी विचारलं, “महाराज, हे तेजाब दगड खातं, मग धातूला कसं सोडतं?”

“धातू पवित्र असतो, बाई!”

बाईंनी एक तुकडा उचलून शाळेतून आणलेल्या सौम्य आम्लात टाकला. बुडबुडे फसफसून वर आले. दुसरा महाराजांच्या पातेल्यात टाकला. तो तळाशी निवांत पडून राहिला.

“तेजाब कसलं, हे रंगवलेलं गरम पाणी आहे. धातू मात्र खरोखर दुर्मिळ आहे हं.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?” भाऊ ओरडला.

“तुझा लायटर दे.” बाईंनी तो उघडून ठिणगीचा खडा हातावर घेतला. पळीतल्या तुकड्यांसारखाच, तेवढाच. “दुर्मिळ म्हणवणारे धातू या खड्यातच असतात. रोज खिशात घेऊन फिरतोस की!”

मग त्यांनी पळी उलटी करून आपटली. पोकळ दांड्यातून आणखी खडे घरंगळले. दांड्याच्या खालच्या तोंडाला मेण चिकटलेलं होतं. गरम पाण्यात ते वितळलं की आतला धातू ‘जागा’ व्हायचा.

“अशा दगडात हे धातू असलेच तर कणाकणाने. दगड दळून, आम्लात मुरवून, गाळून शेवटी हाती येते ती चिमूटभर पूड. लायटरच्या मापाचे तुकडे नव्हेत!”

महाराजांना तेवढ्यात दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. लोकांनी आधी दक्षिणा परत करायची आठवण करून दिली.

घरी येऊन भाऊ भिंतीतले दगड परत बसवू लागला.

“सापडलं का रे काही?” आईने आतून विचारलं.

“अक्कल, आई. थोडीशीच.”

मुलांनो, चमत्कार दिसला तर जरूर बघा. पण त्याला एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर स्वतः तपासा. भिंतीला हात लावायच्या आधी.